पुन्हा आत: तुरुंग आणि पुन्हा घडणाऱ्या गुन्ह्यावर पहिला लघुपट करताना

तुरुंगावरचा पहिला लघुपट लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा हाणामारीपासून सुरुवात करतो. बराकीतला दादा, नुकताच आलेला घाबरलेला पोरगा, रांगेत लागलेला धक्का, रात्री कोठडीतून आलेली किंकाळी. प्रेक्षकाने हे इतक्यांदा पाहिलं आहे की त्याला आता त्याचं फारसं काही वाटत नाही. आत वर्षं काढलेल्या माणसांना विचारलं तर ती वाट पाहण्याबद्दल बोलतात. मोजणीची वाट, घरच्यांच्या मुलाखतीची वाट, तारखेची वाट, कुणीतरी येऊन दार उघडेल याची वाट. कधी उठायचं, दिवा कधी मालवायचा, शेजारी कोण झोपणार, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. मग एके दिवशी फाटक उघडतं आणि त्याच माणसाने दुपारपर्यंत वीस निर्णय घ्यावेत अशी जगाची अपेक्षा असते.

आत असताना मोडलेली निर्णयाची सवय आणि बाहेर पडताच अंगावर येणारे निर्णय, या दोहोंच्या मध्ये या विषयाचं खरं नाट्य आहे असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धाग्याला धरून लिहिल्या आहेत. कॅमेऱ्याचं कोणतं बटण कुठे असतं हे इथे मिळणार नाही, ते सरावाने लवकर जमतं. या विषयाला हात घालण्याआधी जे ठाऊक असायला हवं, ते सांगतो.

१. आधी कालखंड ठरवा

ऑस्कर देणारी अकादमी श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट मानते. पहिल्यांदा करणाऱ्याने १२ ते १५ मिनिटांच्या पुढे जाऊ नये. रूढ पद्धतीने मांडलेल्या पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट घेतं, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पंधरा पानं आहेत. त्यात गुन्हा, खटला, शिक्षेची वर्षं, सुटका आणि पुन्हा अटक हे सगळं कोंबलं तर प्रत्येक टप्प्याला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि गोष्टीचा नुसता सारांश उरतो.

म्हणून आयुष्याचा एकच छोटा तुकडा उचला. सुटकेच्या आदली रात्र. जाळीपलीकडच्या बायकोशी वीस मिनिटांची मुलाखत. सुटल्यानंतरचे पहिले दोन दिवस. किंवा दुसऱ्यांदा आत आल्यावरचा पहिला तास, जिथे पहारेकरी त्याला पाहताच नावाने हाक मारतो. यातला शेवटचा मला सर्वांत बोलका वाटतो. त्या एका हाकेत मागची सगळी वर्षं येतात आणि काही समजावून सांगावं लागत नाही.

तुकडा निवडला की एका कागदावर दोन वाक्यं लिहा: या माणसाला आज काय हवं आहे, आणि ते मिळवायला कोणता नियम आडवा येतो. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर कल्पना अजून कच्ची आहे. पटकथेला हात लावू नका.

२. आकडे वाचा, पण माप तपासून

‘सुटलेल्यांपैकी इतके टक्के परत गुन्हा करतात’ अशी वाक्यं जिथेतिथे सापडतात. त्यांवर गोष्ट रचण्याआधी तीन गोष्टी पाहा: आकडा कुठला आहे, किती वर्षांतला आहे, आणि नेमकं काय मोजलं आहे. पुन्हा अटक होणं, पुन्हा दोषी ठरणं आणि पुन्हा तुरुंगात जाणं ही तीन वेगळी मापं आहेत. अमेरिकेत ३० राज्यांच्या तुरुंगांतून २००५ साली सुटलेल्यांचा तिथल्या सरकारी सांख्यिकी विभागाने नऊ वर्षं माग ठेवला. पहिल्याच वर्षात ४४ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली, तीन वर्षांत ६८ टक्के आणि नऊ वर्षांत ८३ टक्के. याच्या शेजारी नॉर्वेचा सुमारे २० टक्के हा आकडा नेहमी ठेवला जातो. पण तो दोन वर्षांतला आहे आणि अटकेचा नव्हे, नव्याने झालेल्या शिक्षेचा आहे. दोन्ही आकडे बरोबर, तरी त्यांची वजाबाकी करता येत नाही.

पटकथेच्या दृष्टीने यातला कामाचा भाग म्हणजे ते पहिलं वर्ष. पाय घसरण्याची सर्वांत जास्त शक्यता तेव्हाच असते, त्यामुळे गोष्टही तिथेच सापडते.

आणखी एक बाब नवख्यांच्या ध्यानात येत नाही. परत आत जायला दर वेळी नवा गुन्हा लागतोच असं नाही. अनेक देशांत अटींवर सोडलेला माणूस हजेरीची तारीख चुकवली, पत्ता बदलल्याचं कळवलं नाही किंवा ठरलेल्या वेळेनंतर घराबाहेर सापडला, एवढ्यावरही परत पाठवला जाऊ शकतो. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार राज्यांच्या तुरुंगांत दाखल होणाऱ्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक अशा केवळ अटभंगामुळे दाखल झाले होते. चाकू, बंदूक, पैशांची बॅग यांतलं काहीही न दाखवता संपूर्ण लघुपट उभा राहील एवढा ऐवज यात आहे.

कामधंद्याचंही तसंच. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. सारखीच पात्रता दाखवणारे तरुण त्यांनी नोकरीसाठी अर्ज करायला पाठवले, फरक फक्त वर्णाचा आणि तुरुंगवासाच्या नोंदीचा. नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये हेच आकडे १४ आणि ५ होते. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला नोंद असलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी बोलावणी आली. तुमच्या गोष्टीतल्या समाजात वर्णाच्या जागी जात, वस्ती, भाषा किंवा आडनाव असेल. तुमच्या पात्राच्या माथी तुरुंगाआधीच काय लिहिलेलं होतं, हा प्रश्न पटकथेला विचारा.

आणि ही गोष्ट फक्त गुन्ह्यापुरती नाही. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट आढळला. सर्वांत मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मात्रेवर जातो. सुटका म्हणजे आनंदाचा क्षण असं गृहीत धरून संगीत लावणाऱ्याने हा आकडा आधी वाचावा.

३. आत नेमकं काय हिरावलं जातं

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशॅम साइक्स यांनी न्यू जर्सीतल्या एका कडक बंदोबस्ताच्या तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ साली कैदेच्या पाच यातना मांडल्या: स्वातंत्र्य जाणं, वस्तू आणि सोयी जाणं, शरीरसंबंध तुटणं, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा जाणं, आणि सुरक्षितता जाणं. त्याआधी १९४० मध्ये समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी दाखवलं होतं की माणूस हळूहळू तुरुंगाच्या रीतींमध्ये मुरत जातो, तिथली भाषा, तिथले अलिखित नियम, तिथलं वागणं त्याच्या अंगवळणी पडतं. जितका तो आत टिकायला शिकतो, तितका बाहेर टिकणं अवघड होतं.

या पाचांपैकी एकच निवडा आणि ती संवादाशिवाय, एका वस्तूतून किंवा कृतीतून दाखवण्याचा प्रयत्न करा. सुटलेला माणूस घराच्या दारापुढे थांबून ते कुणीतरी उघडायची वाट पाहतो, हे दृश्य आता फार वापरून झालं आहे. तुमचं स्वतःचं शोधा. पाठ भिंतीला लागेल अशीच जागा निवडणारा माणूस. कपाटात कप्पे असूनही सगळं सामान एका पिशवीतच ठेवणारा माणूस. भर दुपारी ठरावीक वेळ झाली की नकळत उठून उभा राहणारा माणूस.

एकांत कोठडी दाखवणार असाल तर तिचे आंतरराष्ट्रीय नियम ठाऊक हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांप्रमाणे, दिवसाचे २२ तास किंवा जास्त काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपेक्षा जास्त असेल तर प्रदीर्घ एकांतवास. प्रदीर्घ एकांतवासाला हे नियम मनाई करतात. हे नियम आहेत, प्रत्यक्षात सगळीकडे पाळले जातातच असं नाही. तुमची गोष्ट ज्या देशात घडते तिथली तुरुंग नियमावली मिळवून वाचा. मुलाखत किती मिनिटांची, पत्र कोण वाचतं, सुटताना माणसाच्या हातात काय देतात, हे बारकावे चुकले की आत राहून आलेला प्रेक्षक दुसऱ्याच मिनिटाला तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो.

४. माणसांना भेटा, आणि हळू भेटा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. तुरुंगातून सुटलेली माणसं, त्यांच्या घरचे, तुरुंग कर्मचारी, पुनर्वसनाचं काम करणारे, वकील, आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला ती माणसं, या सगळ्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय पटकथा पक्की करू नये. थेट फोन करून ‘मला तुमच्यावर फिल्म करायची आहे’ असं म्हणू नका. सुटलेल्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे जा, तुमचा हेतू लेखी द्या, आणि कुणाला बोलायचं आहे ते त्यांना ठरवू द्या.

पहिल्या भेटीत गुन्ह्याबद्दल विचारू नका. त्या माणसाला आजवर प्रत्येकाने तेच विचारलेलं असतं, पोलिसांनी, वकिलांनी, शेजाऱ्यांनी. त्यापेक्षा हे विचारा: सकाळी कोणत्या आवाजाने जाग यायची? बाहेर आल्यावर पहिल्या रात्री झोप लागली का? कोणती गोष्ट करायला सर्वांत जास्त भीती वाटली? फाटकाबाहेर कोण उभं होतं? असे प्रश्न माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढतात आणि तुम्हाला दृश्यं देतात.

काही पथ्यं मात्र काटेकोरपणे पाळा. कुणाचा खटला किंवा अपील चालू असेल तर त्या प्रकरणाविषयी काहीही ध्वनिमुद्रित करू नका, तुमचं ध्वनिमुद्रण उद्या पुरावा म्हणून मागितलं जाऊ शकतं. संमती लेखी घ्या, साध्या भाषेत, आणि पुढे कधीही माघार घेता येईल हे त्यात लिहा. त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, पण तो सगळ्यांना सारखा असावा. जास्त थरारक आठवण सांगणाऱ्याला जास्त पैसे मिळतात असं एकदा वाटलं की आठवणी बदलायला लागतात. नाव बदलणं पुरेसं नसतं, गाव, वय, गुन्ह्याचा प्रकार, घरातली माणसं यांची सरमिसळ करा, म्हणजे शेजाऱ्यालाही ओळखता येणार नाही. आणि ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवणार, ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

कर्मचाऱ्यांना टाळू नका. पहारेकऱ्याला खलनायक करणं फार सोपं आहे. तोही दिवसाचे आठ-दहा तास त्याच भिंतींच्या आत काढतो, त्याच किल्ल्यांच्या आवाजात. एकाच माणसाला तिसऱ्यांदा आत येताना पाहून त्याला काय वाटतं, हे त्याच्याकडूनच ऐका.

५. गोष्ट बांधताना

एक उदाहरण घेऊन चालू. अटींवर सुटलेला एक माणूस. दर सोमवारी सकाळी अकराच्या आत कार्यालयात जाऊन हजेरीची सही करायची, ही त्याच्या सुटकेची अट. याच सोमवारी दहा वाजता त्याला एका गोदामात कामासाठी बोलावलं आहे. लवकर आटपेल असं त्याला वाटतं. आटपत नाही. साडेदहापर्यंत तो बाहेर बसलेलाच. उठून गेला तर काम गेलं, थांबला तर सही गेली. जुना साथीदार नेमका तिथेच माल पोचवायला आलेला आहे आणि ‘मी सोडतो’ म्हणतो. पण शिक्षा झालेल्या जुन्या साथीदारांशी संबंध ठेवायचा नाही, हीसुद्धा एक अट आहे.

आता पाहा, इथे कुणीच दुष्ट नाही. गोदामाचा व्यवस्थापक कामात आहे. हजेरी कार्यालयातली बाई नियमाने चालणारी आहे, तिच्यासमोर अजून चाळीस माणसं बसली आहेत. साथीदार मनापासून मदत करतो आहे. आणि तरीही प्रत्येक पावलाबरोबर फास आवळत जातो. पुन्हा आत जाण्याच्या बहुतेक गोष्टी अशाच असतात असा माझा दावा नाही, काही माणसं लोभाने, रागाने, व्यसनाने परत गुन्हा करतात आणि त्यांचीही गोष्ट सांगायला हवी. पण नवख्या लेखकाला हे उदाहरण एक गोष्ट नक्की शिकवतं: परिस्थितीने माणसाला कोपऱ्यात ढकललं, तरी शेवटची निवड त्याचीच असली पाहिजे. ती काढून घेतली तर प्रेक्षकाला दया येते, ताण वाटत नाही. उलट सगळा दोष त्याच्या स्वभावावर टाकला तर तुम्ही फिल्म काढायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झालात.

पात्र स्वतःविषयी काय बोलतं, यावर बारीक लक्ष ठेवा. गुन्हेशास्त्रज्ञ शॅड मारुना यांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये गुन्हेगारी सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, आणि २००१ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. दोन्ही गटांचा भूतकाळ बराच सारखा होता, फरक होता तो स्वतःची कहाणी सांगण्यात. सोडलेली माणसं म्हणत होती की आपण मुळात वाईट नव्हतो, आणि जे भोगलं त्याचा आता दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा. न सोडलेल्यांना वाटत होतं की आपल्या हातात काहीच नाही, सगळं आधीच ठरलेलं आहे. संवाद लिहिताना हे फार कामी येतं. ‘मी बदललोय’ हे वाक्य कापा. त्याऐवजी तो धाकट्या भावाला त्या वर्षांविषयी काय सांगतो आणि काय लपवतो, ते लिहा.

ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसाला गोष्टीतून पुसू नका. पडद्यावर त्याला जागा नसली तरी त्याचं अस्तित्व जाणवलं पाहिजे: एखादा रस्ता जो आपला नायक टाळतो, एखादं पत्र जे लिहून पाठवलेलं नाही. पीडिताला वगळून केलेली सहानुभूती प्रेक्षकाला खोटी वाटते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पात्रं तीनच ठेवा, फार तर चार.

६. तुरुंग उभा करणं

खऱ्या तुरुंगात चित्रीकरणाची परवानगी मिळणं कठीण असतं, आणि मिळाली तरी वेळ, जागा, माणसं यांवर इतकी बंधनं येतात की पहिल्या फिल्मला ती झेपत नाहीत. गरजही नाही. कोठडीसाठी दोन भिंती आणि एक दार पुरतं. प्लायवूडच्या उभ्या चौकटी रंगवून भिंती करा, एक बाजू कॅमेऱ्यासाठी उघडी ठेवा. लांबी-रुंदी दोन मीटर बाय तीन मीटरच्या आसपास ठेवा आणि नटाला त्यात अर्धा तास नुसतं बसवा, त्याच्या चालण्यात आपोआप फरक पडतो. लांब मार्गिकेसाठी जुनी शाळा, बंद पडलेलं रुग्णालय, गोदामाचा जिना शोधा. भिंतीचा खालचा अर्धा भाग गडद तैलरंगाने आणि वरचा फिक्या रंगाने रंगवला की सरकारी इमारतीचा भास लगेच होतो.

प्रकाश वरून येऊ द्या, उंचावरच्या लहान खिडकीतून किंवा छतावरच्या दिव्यातून. रात्रीच्या दृश्यात पूर्ण काळोख करू नका. पहाऱ्यासाठी बराकींमध्ये रात्रभर दिवा जळत राहतो, आणि कधीच न विझणारा दिवा हाही आतल्या आयुष्याचा भाग आहे. क्षितिज कुठेही दिसू देऊ नका. नजर जाईल तिथे भिंत, जाळी किंवा दुसरा माणूस असला पाहिजे.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत प्रचलित पद्धतीच्या उलट आहे. अनेकजण आतली दृश्यं हातात कॅमेरा धरून, हलती घेतात आणि बाहेरची स्थिर. मी उलटं करायला सांगेन. आत सगळं ठरलेलं असतं, म्हणून कॅमेरा तिपाईवर, त्याच उंचीवर, त्याच जागी, रोज तसाच. बाहेर आल्यावर तो हातात घ्या, कारण आता पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे कुणीच सांगत नाही. आणि बाहेरचं जग सुंदर, उबदार रंगात न्हाऊ घालू नका. त्या माणसाला ते तसं दिसत नसतं.

७. आवाज

तुरुंग शांत नसतो. खोकला, भांडी, दूरचं भांडण, ध्वनिक्षेपकावरची नावं, किल्ल्यांचा जुडगा, लोखंडाचं दार. गर्दीची दृश्यं दाखवायला तुमच्याकडे पन्नास माणसं नसतील, पण आठ जणांचे आवाज वेगवेगळ्या अंतरांवरून ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर चढवले की दीडशे जणांची बराक उभी राहते. कमी खर्चात सर्वांत मोठा परिणाम इथेच मिळतो, म्हणून कॅमेऱ्यावर वाचवा आणि चांगला मायक्रोफोन भाड्याने आणा.

प्रत्येक जागेचा नुसता मोकळा आवाज, कुणी न बोलता, मिनिटभर टिपून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमधली पोकळी भरायला तो लागतो. दाराचा आवाज सेटवरच्या प्लायवूडच्या दारातून येणार नाही. खऱ्या लोखंडी फाटकावर वेगळा जाऊन घ्या, दुरून, जवळून आणि भिंतीपलीकडून. मग बाहेरच्या पहिल्या रात्री हे सगळे आवाज एकदम काढून टाका. त्या शांततेत माणूस का झोपू शकत नाही, ते प्रेक्षकाला न सांगता कळतं.

८. गणवेश, नकली शस्त्रं, झडती

इथे निष्काळजीपणा चालत नाही. पोलिसांचा किंवा तुरुंग रक्षकांचा गणवेश सार्वजनिक जागी घालणं अनेक देशांत गुन्हा ठरू शकतो. हुबेहूब बिल्ले वापरू नका, गणवेशातला नट सेटबाहेर जाताना वरून दुसरं काही घालेल याची काळजी घ्या, आणि चित्रीकरणाची तारीख, जागा व संपर्क स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा. नकली शस्त्र खऱ्यासारखंच हाताळा: एकाच माणसाच्या ताब्यात, वापर नसेल तेव्हा पेटीत बंद, रस्त्यावर कधीच उघडं नाही.

मारामारी आधी संथ गतीत बसवा, प्रत्येक हालचाल मोजून. अंगझडतीच्या दृश्यात नट उघडा दाखवायची काहीच गरज नसते. कपड्यांची घडी घालणारे हात, गार फरशीवरची पावलं, तिसऱ्याच कुणाचं तरी जांभई देणं, यातून अपमान जास्त पोचतो. अशा वेळी सेटवर कमीत कमी माणसं ठेवा आणि नट म्हणेल तिथे लगेच थांबा.

९. आत राहून आलेल्या माणसाला नट म्हणून घेताना

याने फिल्मला जी सच्चाई मिळते ती दुसऱ्या कशाने मिळत नाही. पण आधी पाहा की त्याच्या सुटकेच्या अटींत हे बसतं का: प्रवास, रात्रीची वेळ, सोबत काम करणारी माणसं. ते लेखी विचारून घ्या. तुमच्या चित्रीकरणामुळे त्याची हजेरी चुकली तर फिल्मची गोष्ट त्याच्या आयुष्यात घडेल.

चेहरा कायमचा जगासमोर जातो, पुढच्या नोकरीत कुणी ओळखेल, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला. मोबदला इतर नटांइतकाच, लेखी. कोठडीत पुन्हा बंद होण्याचं दृश्य त्याच्याकडून करून घेताना दार खरोखर कुलूपबंद करू नका आणि थांबण्याची खूण आधी ठरवा. शक्य असेल तर समुपदेशक जवळपास असू द्या. आणि त्याला सल्लागार म्हणूनही श्रेय द्या, कारण सेटवर तो तुमच्या दहा चुका दुरुस्त करणार आहे.

१०. चित्रीकरण आणि संकलन

नवख्या चमूने दिवसाला तीन-चार पानांपेक्षा जास्त ठरवू नयेत. आतली सगळी दृश्यं सलग घ्या. केस आणि दाढी यांचा क्रम आधी लावा, डोकं एकदा भादरलं की मागे जाता येत नाही. रोजच्या फाइलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.

संकलनात पहिलं काम म्हणजे समजावणारे संवाद कापणं. दिनक्रम दाखवायचा असेल तर तोच शॉट तीनदा वापरा, तिसऱ्या वेळी फक्त एक गोष्ट बदला. वेळ कसा जातो हे दाखवायला कॅलेंडरची पानं उडवावी लागत नाहीत.

शेवटाबद्दल नवखे खूप अडखळतात. सुधारला की परत गेला, यांपैकी एक दाखवायलाच हवं असं त्यांना वाटतं. मघाच्या उदाहरणात मी साथीदाराच्या गाडीजवळ थांबणार नाही, तो गाडीत बसल्यानंतरही थोडं पुढे जाईन, अकरा वाजून वीस मिनिटांनी तो कार्यालयात पोचेपर्यंत. रजिस्टर बंद झालेलं आहे. बाई म्हणते, बसा. तो बसतो. ‘उशीर का झाला?’ या प्रश्नाला तो खरं उत्तर देतो की खोटं, एवढंच पाहायचं राहतं, आणि ते उत्तर मी प्रेक्षकाला ऐकवेन. निवड दाखवा, तिचा निकाल दाखवलाच पाहिजे असं नाही. पण निवडही लपवली तर तो टाळाटाळीचा शेवट होतो.

शेवटी काळ्या पडद्यावर आकडेवारीच्या पाट्या लावण्याचा मोह टाळा. अगदीच लावायची तर एकच, देश, साल आणि मोजमाप यांसकट.

११. दाखवताना

पहिलं प्रदर्शन महोत्सवात करू नका. ज्यांनी तुम्हाला आपल्या गोष्टी सांगितल्या त्यांना आधी बोलवा, अंतिम संकलन होण्यापूर्वीच. ‘हे माझं आहे, काढा’ असं कुणी म्हणालं तर काढा. मग महोत्सवांकडे पाठवा. प्रत्येकाचे नियम वाचा: लांबीची मर्यादा, आधी इंटरनेटवर टाकलेली फिल्म चालते का, उपशीर्षकं कोणत्या भाषेत हवीत, संगीताचे हक्क कागदावर आहेत का. तुरुंगातही फिल्म दाखवायचा प्रयत्न करा. अनेक ठिकाणी कल्याण अधिकारी किंवा आत शिकवणाऱ्या संस्था यांच्यामार्फत ते जमू शकतं. सोबत चर्चा ठेवलीत तर प्रश्नांची उत्तरं द्यायला पुनर्वसनातला जाणकार शेजारी बसवा, दिग्दर्शकाने तज्ज्ञ होऊ नये.

फिल्म पूर्ण झाली की मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, खरी नावं असलेल्या वह्या आणि संमतीपत्रं वेगळी करा. संमतीपत्रं कुलपात ठेवा. ध्वनिमुद्रणं ज्या तारखेला नष्ट करायचं कबूल केलं होतं, त्या तारखेला तिन्ही प्रतींमधून नष्ट करा, आणि तसं त्या माणसांना फोन करून कळवा.